कोकिळेची चाल

चिंचाळ्याच्या दंडारीत जिजाबाई मधूनच उठून ओरडली, तेव्हा चंदनला आधी वाटलं, आपलं लुगडं सुटलं.

दिवाळी सरली होती. शाळेसमोर ताडपत्री अंथरली होती. एका बाजूला गडीमाणसं बसली होती, दुसऱ्या बाजूला बाया. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे काही बाया वावरातून तशाच आल्या होत्या, साडीवर नवऱ्याचे जुने शर्ट चढवलेल्या. दंडार पूर्वी रात्रभर चालायची. आता रात्री भोंगा लावू देत नाहीत आणि जागायलाही कोणी तयार नसतं, म्हणून देवळीकडची काही गावं ती भरदुपारी उरकून घेतात. ढोलकी, टाळ, चौघं गाणारे, एक सोंगाड्या आणि लुगडं नेसून राधा झालेला एक गडी. राधा चंदन करायचा.

एरवी तो सेवाग्रामच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचा. पिपरी मेघेला भाड्याच्या दोन खोल्यांत बायको मयुरीबरोबर राहायचा. नाच त्याला त्याच्या मूळ गावी, धामणीत, अण्णाजींनी शिकवला. अण्णाजी शेतकरी माणूस. त्यांच्या जवानीत आसपासच्या तालुक्यांत त्यांच्यासारखी राधा नव्हती असं अजून लोक सांगतात.

चंदनच्या घरी मात्र हे फारसं रुचलं नव्हतं. त्याच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्याबरोबर गावच्या मिरवणुकीपुढे डफ वाजवणं सोडलं. ते वाजवणं हौसेचं नव्हतंच, गावानं अंगावर टाकलेलं काम होतं. "आपल्या लोकायनं डफ खाली ठेवला, अन् तू पायात चाळ बांधतं?" वडील म्हणाले होते. मग त्यांनीच वाट काढली. "नाच. पन हौसेनं नाच. कोन्या देवापुढे नाई अन् कोनाच्या हुकमानं नाई." चंदननं ते पाळलं. अंगात येणं, बाहेरची बाधा, असलं काही त्यांच्या घरात मानत नसत. तोही मानत नव्हता.

त्या दुपारी राधा पाणी घेऊन येते तो भाग चालू होता. चंदननं कमरेवरची घागर खाली ठेवली. डाव्या हाताच्या मनगटानं मानेवरचा घाम पुसला. उजवा पाय किंचित बाहेर टाकत दोन पावलं पुढं गेला, आणि डाव्या खांद्यावरून मागं पाहिलं. हनुवटी पूर्ण न वळवता. बघण्यापेक्षा ऐकल्यासारखं.

बायांच्या बाजूची कुजबुज बंद झाली. ढोलकीवाल्याला ते जाणवलं असावं, त्याचा हात मंदावला. आणि मागून एक म्हातारी काठी टेकत उभी राहिली.

"थांबवा! थांबवा थे! कोकिळे, कोठून आली वं तू?"

दोघींनी तिला धरून बाजूला नेलं. सोंगाड्यानं काहीतरी बोलून लोकांना हसवलं, गाणं पुन्हा सुरू झालं. पण म्हाताऱ्या बाया एकेक करून उठून गेल्या. एक पंचेचाळिशीची बाई तेवढी जागची हलली नाही. ती चंदनच्या तोंडाकडे बघत नव्हती. त्याच्या पायांकडे बघत होती.

शाळेच्या मागं तो खोबरेल तेलानं रंग पुसत होता तेव्हा तीच बाई आली. तिनं नाव सांगितलं, छाया.

"भाऊ, घागर ठेवल्यावर तुमी मान पुसली, मंग मागं पाह्यलं. थे कोनी शिकवलं तुमाले?"

"अण्णाजींनी. सारं त्यायनंच शिकवलं."

"ओरडली ना, ती जिजाबाई, माही मोठी माय. माह्या मायची जाऊ." छाया बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "ती म्हनते, तुमी चालले तशी माही माय चालत होती. कोकिळा नाव तिचं. मी दूधपिती, पायन्यात होती तवा ती गेली. नदीच्या वाटेवर तिच्या बांगड्या सापडल्या. ती नाई सापडली."

चंदननं तेलाचा बोळा खाली ठेवला.

"माह्यापाशी तिचा फोटोबी नाई. तुमी एकडाव आमच्या घरी याल काय? काई नाई, आंगनात नुसतं चालून दाखवजा."

"ताई, मी नाच करतो. अंगात येनं-बिनं आमच्यात नाई मानत."

"मी कोठी म्हनतो आंगात येते म्हनून?" छाया म्हणाली. "मले फक्त पाहाचं हाये."

त्यानं नाही म्हटलं. नीट, नरमाईनं, पण नाहीच म्हटलं. मोबाइल नंबर मात्र दिला, कारण तो न देणं त्याला जमलं नाही.

पुढच्या आठवड्यात सकाळी तो चहा ठेवत होता. मयुरी दारात उभी राहून केस विंचरत होती.

"अवो, तुमी कोनाले पाहून राह्यले मागं?"

"कोठी?"

"आता. अन् कालबी. भांडं ठेवलं का मान पुसता अन् मागं पाहता. मी तिकडे नसतो, तरी पाहता."

तो हसला. पण मग त्याचं त्यालाच दिसायला लागलं. पाण्याची बाटली खाली ठेवली की मनगट मानेकडे जायचं. पेशंटला टेबलावर झोपवून, "श्वास रोका, हलू नका," असं सांगून तो काचेमागं जायचा, आणि बटन दाबण्याआधी त्याची मान डावीकडे वळायची. एका म्हातारीचा छातीचा एक्स-रे काढताना त्याला तसं दोनदा झालं. ती उठून बसली आणि म्हणाली, "मागं कोन हाये तुमच्या? लेकरू रडून राह्यलं काय?"

खोलीत यंत्राच्या पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता.

तो रविवारी धामणीला गेला. दंडारीतल्या कोणीतरी चिंचाळ्याचा व्हिडिओ काढला होता, तो त्यानं अण्णाजींना दाखवला. अण्णाजी ओसरीवर चष्मा लावून, मोबाइल लांब धरून बघत राहिले. घागर खाली आली तिथं त्यांनी बोट ठेवलं.

"इथवर माही राधा हाये," ते म्हणाले. "इथून पुढची माही नाई."

"अण्णाजी, तुमीच शिकवली ना?"

"मी तुले मान पुसाले कवा शिकवली? माही राधा पदरानं कपाळ टिपते अन् गिरकी घेते. पाय बाहेर टाकत नाई ती." त्यांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. या वेळी त्यांचा चेहरा बदलला. मोबाइल त्यांनी उलटा करून सतरंजीवर ठेवला.

"राधा हवेतून नाई करता येत, बापू. कोन्या ना कोन्या बाईची चाल घ्याच लागते. आमी पानोठ्यावर पाहो, वेचनीत पाहो. बाई कशी वाकते, कशी थकते, लाजते कशी. ज्या बाईची घेतली तिले कधी सांगतलं नाई. दंडारीत बाईले नाचू देत नव्हते, मंग आमी तिची चाल नेसून नाचो."

"अन् ही कोनाची?"

अण्णाजींनी चष्मा काढला.

"चिंचाळ्याले गेलतो. तवा मी तुह्याएवढा असन. दंडार झाली, सकाळी आमी निघालो, त एका आंगनात बाया जमल्या होत्या. एक लेकुरवाळी बाई माही राधा करून दाखवत होती. दार सताड उघडं. रस्त्यावरून साऱ्याले दिसे. बापू, घागर ठेवल्यावर मी करो थे तिनं टाकून देलं, अन् असं मान पुसून मागं पाह्यलं का मले माह्या नाचाची लाज वाटली. मी बाईची नक्कल करो. ती बाई होती."

"मंग तुमी तिची चाल घेतली?"

"घेऊन पाह्यली. जमलीच नाई. आंगात बसली नाई, म्हनून सोडून देली. आजपर्यंत कोनाले दाखोली नाई मी." अण्णाजींनी त्याच्याकडे पाहिलं, आणि चंदनला वाटलं, म्हातारा आपल्याला घाबरतो आहे. "तुले त नाईच नाई."

परत येताना बसमध्ये त्यानं छायाला फोन लावला.

तो मयुरीला घेऊन चिंचाळ्याला गेला तो दवाखान्याच्या सुटीचा दिवस होता. दुपारचं लख्ख ऊन, आभाळात एक ढग नाही. छायाचं घर स्लॅबचं होतं, रस्त्याला लागून, पुढं फरशी घातलेलं अंगण. छायाचं सासर याच गावात. वडील वारल्यावर मोठी माय एकटी पडली म्हणून ती नवऱ्यासह इथं माहेरीच राहायला आली होती. नवरा वावरात गेला होता. जिजाबाई ओसरीवर पाय पसरून बसली होती. तिनं चंदनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"प्यांट-शर्टात त अगदीच पोट्टा दिसतं तू," ती म्हणाली. मयुरीला हसू आलं. वातावरण जरा सैल झालं.

चहा झाल्यावर जिजाबाई आपणहून बोलायला लागली.

"नाचत त आमी साऱ्याच होतो, बापू. भुलाबाईत नाचो, लग्नाच्या हयदीत नाचो, बारशाले नाचो. पन दार लावून. बाईचा नाच दाराआड अन् गड्याचा नाच चावडीपुढे, असंच होतं. गडी बाई होऊन नाचला त लोकं फेटे उडवत. कोकिळेनं दार उघडं ठेवलं. सासऱ्यानं पाह्यलं, रस्त्यानं जानाऱ्यायनं पाह्यलं. मंग घरात तिच्यासंग बोलनं बंद."

"मारलं काय तिले?" मयुरीनं विचारलं.

"नाई. कोनी बोट नाई लावलं. नुसतं बोलले नाई. थंडी सरेपर्यंत तिच्यासंग या घरात फक्त छाया बोले, अन् छायाले त बोलताच येत नव्हतं."

छाया खाली बघत होती. "आजी सांगे, तुही माय गेली त तिनं मागं वळूनसुद्धा पाह्यलं नाई. लहानपनापासून मी हेच ऐकलं."

चंदननं चपला काढल्या. ढोलकी नव्हती, गाणं नव्हतं. सुरुवात कशी करायची त्याला कळेना. जिजाबाईनं छायाला सांगितलं, आतून पाण्याचा पितळी गुंड आण. गुंड रिकामा होता, पण कमरेवर घेताच त्याचं वजन चंदनला भरल्यासारखं लागलं. तो घराच्या मधल्या खोलीत गेला, वळला, आणि दाराकडे चालायला लागला.

तो बेशुद्ध नव्हता. त्याला सगळं दिसत होतं, फ्रिज, कॅलेंडर, मयुरीचा घाबरलेला चेहरा. अंधारात आपल्याच घराचा जिना उतरताना पायांना पायऱ्या माहीत असतात, तसं काहीसं झालं होतं. फक्त हे घर त्याचं नव्हतं.

दारात तो वाकला. दार चांगलं उंच होतं, वाकायची काही गरज नव्हती. तो कमरेत वाकून, गुंड सांभाळत, मान खाली घालून त्यातून बाहेर आला.

"जुन्या घराचं दार ठेंगनं होतं," जिजाबाई पुटपुटली. तिच्या हातातला अडकित्ता खाली पडला.

अंगणाच्या मध्ये मोकळी फरशी होती. चंदन सरळ चालत आला आणि तिथं वळसा घालून गेला. एका हातानं त्यानं कशाला तरी टेकून आधार घेतला, हवेतच.

"निंब होता तिथी," जिजाबाई म्हणाली. "घर बांधलं तवा तोडला."

फाटकाच्या बरंच अलीकडे त्यानं गुंड खाली ठेवला. मनगटानं मान पुसली. आणि डाव्या खांद्यावरून मागं पाहिलं.

छाया धावतच ओसरीत गेली. त्याची नजर पोचत होती तिथं ती जाऊन उभी राहिली. मागं कोरी भिंत होती, इलेक्ट्रिकचं मीटर होतं.

"मोठी माय, अथी काय होतं?"

जिजाबाईनं मान वर करून भिंतीकडे पाहिलं.

"आडं होतं. आड्याले पायना टांगला होता. तू होती त्यात."

चंदन दोन पावलं पुढं गेला आणि पुन्हा वळला. पुन्हा दोन पावलं, पुन्हा वळला. दंडारीत तो एकदाच वळला होता. इथं किती वेळा वळला कोणी मोजलं नाही. मयुरी नंतर सांगायची, दर वेळी त्याची मान थोडी कमी वळत होती आणि पाय थोडे जोरात पडत होते, आणि शेवटी मान वळायची थांबली. छाया भिंतीला पाठ लावून उभी होती. ती रडत नव्हती. प्रत्येक वेळी तो वळला की ती हात किंचित वर करत होती, लांबून कोणी ओळखीचं दिसलं की करतो तसा.

मग तो फाटकाबाहेर पडला.

"अवो!" मयुरीनं हाक मारली. तो थांबला नाही. छाया त्याच्या मागं निघाली. मयुरी जिजाबाईचा दंड धरून तिला आणत होती. गल्लीत दोन माणसं सायकलला हवा भरत होती, त्यांनी मान वर करून पाहिलं. पँट-शर्टातला एक पोरगा अनवाणी, बाईच्या चालीनं, भरदुपारी चालला होता आणि त्याच्या मागं तीन बाया. त्यातला एकजण हसला. दुसरा हसला नाही. तो वयस्क होता.

गाव संपल्यावर पांदण लागली. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, बोंडं फुटून पांढरी झालेली. वेचणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. पुढं वाट फुटते. डावीकडची यशोदा नदीवर जाते, उजवीकडची डांबरी रस्त्याला, फाट्यावर.

तिठ्यावर चंदन खाली बसला. उजव्या हातानं डाव्या मनगटावरून काहीतरी सारलं, मग डाव्या हातानं उजव्या मनगटावरून. दोन्ही मुठी जमिनीजवळ नेऊन त्यानं अलगद उघडल्या. काही वाजू नये म्हणून जपावं, तशा.

जिजाबाई तिथवर पोचली होती. ती धापा टाकत होती. "थ्याच जागी," ती म्हणाली. "थ्याच जागी सापडल्या. म्हनून त समदे नदीवर धावले."

चंदन उठला आणि उजवीकडे वळला.

"मोठी माय!" छायाचा आवाज चिरकला. "नदीवर नाई चालली थे!"

फाट्यावर पत्र्याचा निवारा होता. चंदन त्याच्या सावलीत गेला नाही, रस्त्याच्या कडेला उन्हात उभा राहिला, डोक्यावर पदर ओढल्यासारखा हात नेला आणि गावाकडे पाठ केली. थोड्या वेळानं वर्ध्याकडे जाणारी एसटी आली. त्याचा हात वर झाला. गाडी थांबली, दार उघडलं. कंडक्टर म्हणाला, "चला, बसा लवकर."

चंदननं एक पाय पायरीवर ठेवला, दांडी धरली. मयुरी ओरडून धावली. पण ती पोचायच्या आत त्याच्या अंगातून काहीतरी वर गेलं, गाडीत. त्याला ते स्पष्ट कळलं, आपल्या मांडीवरून कोणी उठून गेल्यावर कळतं तसं. तो तिथंच रस्त्यावर बसला.

"येता का नाई?" कंडक्टरनं विचारलं. त्यानं त्यांच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं, घंटी दिली, आणि गाडी निघून गेली.

छाया त्याच्याजवळ वाकली. "बसली ना भाऊ थे? जागा भेटली ना तिले?"

"बसली," चंदन म्हणाला. जागेचं त्याला ठाऊक नव्हतं. तळपायांना चटके बसायला लागले तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आपण अनवाणी आहोत.

जिजाबाई निवाऱ्याच्या बाकावर जाऊन बसली. मग रिकाम्या रस्त्याकडे बघत जे बोलली ते चंदनला पुढं कित्येक दिवस सकाळी उठल्याबरोबर आठवायचं.

"नदीत नाई गेली ती. मंग जिती मानूस कोनाच्या आंगात येते काय, बापू? अन् जिती असन, त आमी दर अक्षय तृतीयेले तिले मेलेल्याचं पानी देत आलो."

मयुरीनं आपल्या चपला काढून चंदनपुढं ठेवल्या आणि ती स्वतः अनवाणी गावाकडे चालायला लागली.

छायानं शोध घेतला, जेवढा घेता येण्यासारखा होता तेवढा. कोकिळेचं माहेर आर्वीकडे होतं, तिथं आता तिच्या भावांची पोरं. त्यांनी चहा पाजला, पण आत्या बुडून वारली एवढंच त्यांनाही ठाऊक होतं. वर्ध्याच्या बसस्टँडवर ती एक दिवस नुसती बसून आली. तिथून नागपूरला गाडी जाते, यवतमाळला जाते, चंद्रपूरला जाते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका बाईनं कोणती पकडली, हे कोण सांगणार? तिथं बसली असताना आपण साठी-सत्तरीच्या प्रत्येक बाईचे पाय बघत होतो, असं तिनं चंदनला फोनवर सांगितलं.

चंदनची मान वळायची थांबली. भांडं खाली ठेवलं की हात आपला हातच राहायचा. जानेवारीत धामणीला दंडार झाली. अण्णाजी पुढं खुर्ची टाकून बसले होते. घागर ठेवायची वेळ आली तेव्हा चंदननं पदरानं कपाळ टिपलं, गिरकी घेतली, लोकांनी टाळ्या दिल्या. त्यानं मनात म्हटलं, ये. काहीच आलं नाही. बायांच्या बाजूला पोरी मोबाइल धरून शूटिंग करत होत्या.

"आता पुरी माही हाये," अण्णाजी नंतर म्हणाले. त्यात आनंद नव्हता. चंदनला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी, भाडेकरू निघून गेलेल्या घरात फिरावं तसं त्याला आपल्याच अंगात वाटत होतं. त्यानं हे मयुरीला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. त्या दिवसापासून ती त्याच्या मागं कधी उभी राहत नसे, बोलायचं असलं की समोर येऊन बोलायची.

अक्षय तृतीयेला छायानं दोघांना जेवायला बोलावलं. ऊन मी म्हणत होतं. आंब्याचा रस, शेवया, भजी, कढी, सगळं केलं होतं. छायाचा नवरा होता, जिजाबाई होती. दर वर्षी या दिवशी पितरांचं पान वाढून नदीवर नेत. यंदा छाया नदीवर गेली नाही. तिनं सगळ्यांबरोबर एक पाट आणि एक ताट जास्त मांडलं, रांगेतच, जिजाबाई आणि मयुरीच्या मध्ये. रस वाढला, शेवयांवर तूप घातलं, पाण्याचा पेला भरून ठेवला. दार सताड उघडं होतं. फरशीवरची झळ आत येत होती.

कोणी पहिला घास घेईना. रस्त्यानं कोणी गेलं की सगळ्यांचे कान तिकडे जायचे. शेवटी जिजाबाईनं हात जोडले आणि म्हणाली, "जेवा." मयुरी डाव्या बाजूला कोपर लागू नये म्हणून अंग चोरून जेवत होती.

हात धुतल्यावर प्रश्न आला. मेलेल्या माणसाचं पान असतं तर गाईला दिलं असतं, कावळ्याला ठेवलं असतं, नदीत सोडलं असतं. त्याची रीत ठरलेली आहे. घरातून निघून गेलेल्या माणसाच्या ताटाचं काय करायचं, त्याची रीत कोणालाच ठाऊक नव्हती. छायाचा नवरा म्हणाला, झाकून ठेवा संध्याकाळपर्यंत. जिजाबाई म्हणाली, रस नासते उन्हाळ्यात. चंदन उष्टी ताटं गोळा करत होता, तो त्या ताटापाशी येऊन थांबला. रसावर पातळ साय धरली होती. पेल्यातलं पाणी जरा कमी झाल्यासारखं त्याला वाटलं, पण उन्हाळ्यात तेही होतं.

छायानं त्याच्या हातातली ताटं घेऊन खाली ठेवली. मग ती त्या रिकाम्या पाटावर जाऊन बसली, पदर खोचला, ताट पुढं ओढलं आणि शेवयांचा घास घेतला. ती आत्ताच पोटभर जेवली होती. तरी तिनं ते ताट सावकाश, शेवटच्या भज्यापर्यंत संपवलं, आणि सगळे तिच्याभोवती उभे राहून पाहत होते, वाढायला काही कमी पडतंय का.